गाळ संपतो तिथे

तळं आटायला लागलं की कुंभाराच्या घरात माणसं हळू आवाजात बोलायची. मोठ्याने बोललं तर पाणी ऐकेल आणि परत फिरेल, अशी काहीशी समजूत असावी. बाकीच्या गावाला तळं आटणं म्हणजे संकट. या एका घराची मात्र तीच सुगी. तळ्याच्या पश्चिम कोपऱ्यात चिकणमाती होती. पंधरा-वीस दिवस तिथे फावडं चालवायचं, बुट्ट्या डोक्यावरून आणायच्या, घरामागच्या खड्ड्यात वर्षभराची माती भरायची. मग तळं भरो नाहीतर वाहून जावो.

त्या सकाळी कुंभार चाकावर होता. त्याची बायको साडी गुडघ्याशी खोचून गेल्या वर्षीची उरलीसुरली माती तुडवत होती. खड्ड्यात आता खरवडून दोन दिवसांची माती होती. तेवढ्यात कुंभाराचा धाकटा भाऊ धावत आला आणि दम न घेता म्हणाला, "दादा, यंत्र आलंय."

"कसलं?"

"गाळ उपसायचं. भोंगेअण्णानं आणलंय. शेतकऱ्यांनी मिळून. सगळं तळं खरवडणार आणि ट्रॅक्टरनं शेतात टाकणार. चार दिवसांसाठीच मिळालंय म्हणे."

भोंगेअण्णा म्हणजे गावातला ट्रॅक्टरवाला. आवाज असा, की त्याने घरात चहा मागितला तर शेजारीण आधण ठेवायची. तोंडावर सगळे त्याला अण्णा म्हणत. भोंगा पाठीमागे लागे.

कुंभाराने चाकावरून नजर काढली नाही. मडक्याचा काठ मात्र वाकडा झाला. वीस वर्षांत बायकोने तो वाकडा झालेला पाहिला नव्हता.

"आपला कोपरा?" तिने विचारलं.

"कोपरा काय वेगळा आहे त्यांना? सोंड घातली की मुरमापर्यंत सगळं एकत्र करून उचलणार. मग बसा खडे वेचत."

मुरूम मिसळलेल्या मातीचं मडकं होत नाही. होतं, पण भट्टीत फुटतं, आणि फुटताना शेजारची दोन घेऊन फुटतं. हे कुंभाराला माहीत होतं, तसंच त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती. ती त्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती: कोपऱ्यात वर नुसता गाळ होता. चिकणमाती त्याच्या खाली होती. किती खाली, ते सांगायचं नाही, हा घराचा नियम. आजोबांच्या वेळी एका वीटवाल्याला ते कळलं होतं आणि त्याने एका उन्हाळ्यात दहा वर्षांची माती पळवली होती. तेव्हापासून घरातली माणसं वरचा गाळ भल्या पहाटे काढून टाकत आणि गाव जागं झाल्यावर माती खणत. गावाला वाटे, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत मातीच आहे; चोरून वरवर खणणाऱ्याच्या हाती मात्र गाळच लागे. कुंभाराच्या बायकोला हे लग्नानंतर तीन वर्षांनी सांगितलं गेलं. त्याआधी सांगितलं असतं तर ती माहेरी बोलली असती, असं सासऱ्यांचं मत. तिच्या माहेरी सगळे शिक्षक होते. मातीची चोरी करायला त्यांना सवड नव्हती.

"चल," कुंभार म्हणाला आणि हात धुवायला उठला.

"हात कसले धुतोस? फावडं घे," भाऊ म्हणाला.

*

तळ्यावर गेले तेव्हा यंत्र मधल्या भागात काम करत होतं. पण सोयीचं पडतं म्हणून एक ट्रॅक्टर कोपऱ्यातून वळण घेत होता. दोघा भावांनी कालच्या दिवसात खणून ठेवलेल्या मातीच्या ढिगावरून त्याचं मागचं चाक नुकतंच गेलं होतं. ढिगात चाकाची नक्षी उमटली होती. मातीच चांगली, त्यामुळे नक्षी फार सुबक उमटली होती.

"अण्णा, हा ढीग आमचा होता," कुंभार म्हणाला.

"ढीग होता? मला वाटलं चिखल!" अण्णा हसला. त्याच्याबरोबरचे चार-पाच शेतकरीही हसले, पण अण्णाकडे बघून, किती हसायचं याचा अंदाज घेत.

"कोपरा सोडून खणा. बाकी तळं तुमचंच आहे."

"माझं नाही आणि तुझंही नाही. गावाचं आहे. गावाची जमीन खडकाळ झालीय, मास्तर. तू वर्षाला शंभर मडकी करतोस. गाळ पडला तर तीस घरांची शेतं उभी राहतात. हिशेब तूच कर, तू वाचतोस."

'मास्तर' हा टोमणा होता आणि पदवीही. रोज दुपारी चार ते सात कुंभार गावाचं वाचनालय उघडत असे. एका कंपाउंडरने म्हातारपणी आपली दोन कपाटं पुस्तकं गावाला दिली होती, आणि सांभाळायला दुसरं कुणी तयार नव्हतं. गावातल्या बहुतेक पुस्तकांच्या कडेला त्यामुळे मातकट अंगठे उमटले होते. कुठलं पुस्तक कुंभाराने कुठवर वाचलंय, ते गावाला बाहेरूनच कळे.

कुंभार काही बोलणार एवढ्यात भाऊ त्याच्या शेजारून पुढे झाला, कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरला आणि कुदळ मांडीवर आडवी घेऊन बसला.

"घाला सोंड," तो म्हणाला. "माझ्यासकट उचला."

अण्णाच्या बाजूचे दोन तरणे गडी खड्ड्याच्या काठावर आले. एकाने ढेकूळ उचललं. भावाने कुदळीची मूठ घट्ट धरली, आणि कुंभाराला त्याच्या मनगटावरच्या शिरा दिसल्या. यंत्रवाला घरघर चालू ठेवून वरून बघत होता. त्याला रोजचाच अनुभव असावा. तो केळं सोलत होता.

मध्ये पडला तो शिंपी. गळ्यातली टेप तशीच होती. ती काढायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

"इथे काही ठरायचं नाही," तो म्हणाला. "बसून बोला."

"माझ्या ओट्यावर या," अण्णा म्हणाला.

"तुमच्या ओट्यावर आमचं काही ठरलंय आजवर?" भाऊ खड्ड्यातून म्हणाला. "आमच्या अंगणात या."

"तुझ्या अंगणात मी? भट्टीच्या राखेत बसू?"

"वाचनालयात बसा," शिंपी म्हणाला. "ते कुणाच्या बापाचं नाही. म्हातारा बिनलग्नाचा गेला."

अण्णाने डोळे बारीक केले. "ग्रंथपाल कोण? हाच ना?"

"ग्रंथपाल तो आणि कार्यकारिणीचा अध्यक्ष मी. आणि नियमावर सही तुमची पण आहे, अण्णा. फळ्यावर टांगलीय."

अण्णाला ती सही आठवली असावी, कारण "चारला येतो," एवढंच तो म्हणाला. यंत्रवाल्याला बैठक होईपर्यंत कोपऱ्याला हात लावू नको असं सांगितलं गेलं. भाऊ मात्र खड्ड्यातून हलला नाही.

*

तो नियम असा होता: *वाचनालयात आवाज चढवणाऱ्याने तळ्याला एक फेरी मारून यावे. फेरी पूर्ण होईपर्यंत आत प्रवेश नाही.* एकाच वर्तमानपत्रावरून दोन साडूंची मारामारी झाली आणि मधलं पान दोन घरांत अर्धंअर्धं गेलं, त्या वर्षी तो झाला. कंपाउंडर तेव्हा हयात होता. माणसाचा राग पायांतून उतरतो, असं त्याचं औषधी मत होतं. चार बैठका झाल्या, हात वर करून मतं झाली, नियम लिहिला गेला. त्यानंतर वाचनालयात भांडणं बंद झाली असं नाही. पण ती फार कुजबुजत होऊ लागली.

दुपारी चारला मधल्या लांब टेबलाभोवती अकरा माणसं बसली. सहा शेतकरी, अण्णा, कुंभार, शिंपी, शाळेतली बाई आणि दाराशी स्टुलावर कुंभाराची बायको. झाडलोट तिच्याकडे होती, म्हणून ती सभासदही होती. वर्गणीऐवजी झाडू, असं शिंप्याने ठरवून दिलं होतं.

"मातीवर एखादं पुस्तक आहे का?" एका शेतकऱ्याने विचारलं.

"दोन आहेत," कुंभार म्हणाला. "त्यातलं एक कवितांचं."

"दुसरं?"

"दुसरंही बघायला गेलं तर तसंच."

कुणी हसलं नाही. खिडकीतून यंत्राची घरघर येत होती.

"मी सरळ बोलतो," अण्णाने सुरुवात केली.

"अण्णा, फेरी," शिंपी म्हणाला.

"अरे, मी बोलतोय फक्त!"

"बोलताय, पण तळ्यापलीकडे ऐकू जातंय."

अण्णाने आपल्या माणसांकडे बघितलं. सहाही जण टेबलाच्या लाकडातल्या रेघा तपासत होते. त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ती फेरी मारली होती, आणि तेव्हा अण्णा इथे वर्तमानपत्र वाचत बसला होता. तो उठला. पंधरा मिनिटांनी घामाघूम होऊन आला, कोपऱ्यातल्या माठातलं दोन भांडी पाणी प्यायला, बसला आणि पहिल्याच वाक्यात पुन्हा भोंगा झाला. पुन्हा गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा आवाज खरोखर खाली आला होता. शाळेतल्या बाईंनी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि वळून बघितलं, कोण बोलतंय म्हणून.

"मला एवढंच सांगा," अण्णा त्या नव्या आवाजात म्हणाला. "तळं गावाचं. मग त्या कोपऱ्यातली माती मास्तरच्या बापाची कशी?"

आवाज हळू होता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"बापाचीच आहे!" कुंभार उभा राहिला. बाक मागे पडला. "त्या खड्ड्यात दरड पडून माझ्या बापाची कंबर गेली! अकरा वर्षं खाटेवर होता! तेव्हा कुठला गाव आला होता बघायला?"

कपाटाच्या काचा थरथरल्या. शिंप्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीस वर्षं कुंभाराचा आवाज या खोलीत कुजबुजीच्या वर गेला नव्हता.

"मी दोन मारल्या," अण्णा हळूच म्हणाला. "उन्हात."

"मास्तर," शिंपी म्हणाला आणि त्याने फळ्यावरच्या नियमाकडे बोट केलं.

कुंभाराने बाक उचलून जागेवर ठेवला. आता तो बाहेर, आणि आत सहा शेतकरी आणि अण्णा. पंधरा मिनिटांत काहीही ठरू शकत होतं. त्याने कंबरेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि चपला घातल्या. दारात बायकोने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघू शकला नाही.

*

उन्हाने तळाला भेगा पडल्या होत्या. कुंभार बांधावरून भराभर चालत होता, गुडघा दुखत होता. कोपऱ्याशी आला तर भाऊ तसाच बसलेला आणि यंत्र त्याच्यापासून वीसेक पावलांवर.

"काय ठरलं?"

"अजून काही नाही."

"मग तू बाहेर कसा?"

"मोठ्याने बोललो."

भावाचा विश्वास बसेना. "तू?"

"मी."

"आणि त्यांनी काढलं तुला? आपल्याच वाचनालयातून? आणि तू निघालास?" भाऊ उठून उभा राहिला. "घाल ते कपाट भट्टीत, दादा. लाकूड बरं आहे."

काठावरचे ते दोन गडी हसले. भावाने कुदळ खांद्यावर घेतली.

"खाली बस," कुंभार म्हणाला.

"त्यांनी एक पाऊल टाकू दे."

"मी परत येईपर्यंत हात उगारायचा नाही. उगारलास तर आत मला तोंड उघडायला जागा राहणार नाही."

"आत तोंड आहे कुणाचं? तू तर बाहेर!"

यंत्रवाल्याने वरून विचारलं, "अजून किती वेळ? चार दिवस झाले की मला दुसऱ्या गावाला जायचंय." कुंभाराने त्याला हाताने थांब म्हटलं. इथेच बसावं, भावाच्या शेजारी, असं त्याला फार वाटलं. खड्ड्यातून त्याला कुणी हलवू शकलं नसतं. पण अर्धी फेरी बाकी होती, आणि अर्धी फेरी मारून कुणी आत येऊ लागलं तर तोच आजवर दारात हात आडवा धरत आला होता. तो निघाला. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून त्याने चार वेळा बघितलं.

*

दारापाशी पोचला तर आतून आवाज येत नव्हता. सगळे टेबलावर वाकले होते. मध्ये त्याची बायको उभी होती आणि तिच्यापुढे पुस्तकांची चळत होती. सर्वांत खाली जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, त्यावर शब्दकोशाचा जाडजूड खंड, त्यावर पाच-सहा पातळ पुस्तकं.

"हा मुरूम," ती गठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाली. "ही आमची माती. आणि वर हा सगळा गाळ. आम्हाला तो नकोच असतो. आम्ही पहाटे काढून टाकतो."

"टाकता?" एक शेतकरी कळवळला. "कुठे?"

"बांधापलीकडे."

"आणि आम्ही इथे गाळासाठी डोकी फोडायला निघालो!"

अण्णाने हात लांब करून वरची पातळ पुस्तकं एकेक उचलली, बाजूला ठेवली. शब्दकोशाशी थांबला. "इथवर आमचं?"

"इथवर तुमचं. त्याखालची शेतात गेली तर नांगर लागायचा नाही. पीक नाही, विटा निघतील."

कुंभार दारात उभा होता. तीन पिढ्यांनी तोंड दाबून ठेवलेली गोष्ट टेबलावर मांडलेली होती, आणि शाळेतल्या बाई ती वहीत उतरवून घेत होत्या. आपल्याला कुणी भर रस्त्यात अंगरखा काढायला लावला आहे, असं त्याला झालं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडला असता तर आणखी पंधरा मिनिटं बाहेर.

"कुणी सांगायला सांगितलं तुला?" त्याने अगदी हळू विचारलं.

"कुणी नाही," बायको म्हणाली. "माती मी तुडवते. वीस वर्षं झाली."

तो आत येऊन बसला.

"पण गाळ संपतो कुठे?" अण्णाने विचारलं. "सगळीकडे एकाच खोलीवर?"

"कुठे कमरेवर, कुठे गुडघ्यावर," बायको म्हणाली. "ओल्यात डोळ्याला दोन्ही काळंच दिसतं. यांच्या बोटांना कळतं. हे खड्ड्यात उभे राहतील. हे थांब म्हणतील तिथे यंत्रानं थांबायचं."

"वा! म्हणजे वादीही हाच आणि न्यायाधीशही हाच." अण्णा खुर्चीत मागे रेलला. "वीतभर आधी थांब म्हणाला तर? साऱ्या कोपऱ्याचा वीतभर गाळ म्हणजे दोन शेतं."

शेतकऱ्यांत चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, पटत नाही. कुणी म्हणालं, तीस वर्षांत याने कुणाचं पुस्तक लपवलं नाही. त्यावर आणखी कुणी म्हणालं, पुस्तक कोण लपवतो, माती वेगळी. शिंप्याने टेबलावर टिचकी मारली.

"मत घेऊ. मास्तर आणि वहिनी सोडून. मास्तरच्या बोटांवर विश्वास असेल त्यांनी हात वर करा."

बाईंचा हात गेला. शिंप्याचा गेला. मग टेबलाच्या त्या टोकाचे दोन शेतकरी, अण्णाकडे न बघता. मग बराच वेळ कुणीच नाही. यंत्राची घरघर तेवढी मोठी झाली, आणि कुंभाराच्या मनात आलं, भाऊ. नऊ जणांत चार हात. मग पाचवा हात वर गेला. पहाटे बांधापलीकडे टाकलेल्या गाळाने कळवळलेला तो शेतकरी.

अण्णाने हात मोजले. पुन्हा मोजले. त्याचा चेहरा लाल झाला, तोंड उघडलं, आणि शिंपी दाराकडे बघू लागला.

"पाच," अण्णा दात आवळून म्हणाला, इतक्या हळू की पुढे वाकून ऐकावं लागलं. "ठीक. पण काठावर मी उभा राहणार."

*

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळं गाव कोपऱ्यावर जमलं. कुंभार खड्ड्यात उतरला. यंत्राची सोंड त्याच्या डोक्याच्या चार हात वर होती. एक घास उचलला की तो पुढे व्हायचा, गुडघे टेकायचा, कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि दुसऱ्या हाताने खूण करायचा: अजून.

भाऊ काठावर उकिडवा बसला होता. वहिनीशी तो कालपासून बोलला नव्हता. दादाशी बोलत होता, पण ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"थांब म्हण," तो कुजबुजला. "आता म्हण. वीतभर आहे खाली, मला ठाऊक आहे. म्हण, दादा. कुणाला कळतंय?"

कुंभाराच्या बोटांना अजून भुसभुशीतच लागत होतं. मऊ, बोटांमधून निसटणारं. गाळच. पण वीतभर गाळ वर राहिला तर सोंडेचा दात चुकूनही मातीला लागणार नव्हता. वर्षभराची माती. खाली गेलं आणि यंत्रवाल्याचा हात एकदा हलला, तर मुरूम मिसळणार. काठावर अण्णा कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि तो सोंडेकडे बघत नव्हता. तो कुंभाराच्या तोंडाकडे बघत होता.

कुंभाराने खूण केली: अजून.

"मूर्ख आहेस," भाऊ म्हणाला. तो उठला आणि पाठ करून बसला.

घास उचलला गेला. काळा, ओला, ट्रॅक्टरमध्ये पडला. कुंभाराने हात घातला. बोटं आत गेली आणि अडकली. थंड, घट्ट, ओढून धरणारी. त्याने दुसरा हात वर केला. यंत्रवाल्याचं लक्ष नव्हतं. सोंड खाली येऊ लागली. कुंभार उठू शकत नव्हता, हात कोपरापर्यंत रुतला होता.

"थांब!!"

हा आवाज अण्णाचा होता. तळ्यापलीकडे गेला, बांधावरचे बगळे उडाले. सोंड कुंभाराच्या पाठीपासून हातभर अंतरावर थबकली. यंत्रवाल्याने घाबरून यंत्रच बंद केलं.

अण्णा खड्ड्यात उतरला, धडपडत, धोतर सावरत. त्याने कुंभाराला हात देऊन ओढलं. हाताला लागलेली माती अंगठ्याने चोळून बघितली.

"ही होय?"

"ही."

"वर आणि खाली, मला तर सारखंच दिसतं." तो बराच वेळ चोळत राहिला. "वीतभर आधी थांब म्हणाला असतास, तर मला काय कळणार होतं?"

"माझा भाऊ तेच म्हणत होता," कुंभार म्हणाला.

त्याने फावडं घेतलं आणि त्या जागी पहिली बुट्टी भरली. ओल्या मातीची बुट्टी एकट्याने डोक्यावर जात नाही. समोरून कुणीतरी धरावी लागते. बायको घरामागचा खड्डा साफ करायला गेली होती. भाऊ काठावर पाठ करून बसला होता. कुंभार बुट्टीपाशी उभा राहिला. हाक त्याने मारली नाही.

अण्णाने इकडेतिकडे बघितलं, बाह्या वर केल्या आणि बुट्टीचा काठ धरला. "हं. उचल." बुट्टी गुडघ्यापर्यंत आली आणि अण्णाच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. पुढे काही ती जाईना.

भावाने मान वळवून बघितलं. मग खड्ड्यात उडी मारली.

"सोडा, अण्णा," तो म्हणाला. "पाठ धरेल आणि दोष मातीला द्याल."

त्याने काठ धरला आणि दोघा भावांनी एका झटक्यात बुट्टी वर नेली. कुंभाराने मान ताठ केली, डोक्यावरचं वजन तोललं आणि तो चढ चढू लागला. मागून भावाने दुसरी बुट्टी पुढे ओढली आणि अण्णाच्या पायाशी ठेवली.

"ही तरी धरा नीट," तो म्हणाला.